गोवर उठलेलं चित्र

दोन हजार चार सालची गोष्ट. नात अजून अंगावर पीत होती आणि सूनबाईच्या शिष्यवृत्तीचं ते शेवटचं वर्ष होतं. क्ष-किरणांच्या प्रचंड यंत्रावर तिला एकच दिवस मिळाला होता. त्यात चित्र मिळालं नाही, तर प्रबंध गुंडाळून घरी बसायचं. नातीला सांभाळायला मी सोबत गेले.

चुंबकीय धातूच्या पातळ थरावर डोळ्यांना न दिसणारे पट्टे असतात, हे मला तिथे कळलं. किरण एका लयीत चालावेत म्हणून ते केसाहून बारीक भोकातून सोडतात. पडद्यावर नुसते ठिपके उमटतात. त्यांवरून संगणक पट्टे मांडतो.

“याला गोवर उठलाय गं,” मी म्हटलं.

“तोच तर हवाय, आई.”

ती जेवून, बाळाला पाजून परतली, तर ठिपके गायब. पडद्यावर नुसता गुळगुळीत उजेड. धातूच्या थराचा नमुनाच बिघडला, असं तिला वाटलं. दुसरा नमुना नव्हता.

प्रयोगशाळेचे प्रमुख आत आले. त्यांना सगळे काका म्हणत. पडदा बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

“नमुना ठीक आहे. उजेड वाढला तर तुझं लवकर उरकेल, म्हणून मीच मोठं भोक पुढे आणलं. उजेड वाढला, पण लय गेली. जन्मभर पोरांना हेच शिकवतोय मी.”

बारीक भोक पुन्हा नेमक्या जागी आणेपर्यंत संध्याकाळ होणार होती.

“उद्याचा दिवस माझा आहे. तो तू घे.”

“आणि तुमचा प्रयोग?”

“माझी नोकरी पक्की आहे. तुझी व्हायचीय.”

सून माझ्याकडे बघू लागली. “घे की,” मी म्हटलं. “बाळाचं मी बघते.”

दुसऱ्या दिवशी काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. “आज मी कशाला शिवत नाही.” गोवर पुन्हा उठला आणि संगणकावर पट्टे आले, अंगठ्याच्या ठशासारखे वळत गेलेले. मी नातीचा अंगठा शेजारी धरून पाहिला.

काकांचा प्रयोग पुढे दुसऱ्याच कुणीतरी आधी करून टाकला. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. आमच्याकडे आले की म्हणायचे, “चहा तुम्हीच ओता, मी हात लावला की बिघडतं.” गेल्या वर्षी ते गेले. सून आता त्यांच्याच खुर्चीत बसते. नात कॉलेजात आहे; तिला भौतिकशास्त्राचा कंटाळा आहे. ते चित्र माझ्या पलंगासमोर लावलंय. सकाळी उठल्यावर आधी त्याच्याकडे बघते, आणि काकांची आठवण येते.