कंसातले मास्तर

मित्रांनो, लोखंड कापणारं एक जुनं मशीन आहे मी. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला, खिडकीखाली माझी जागा. माझा हिरवा रंग कोपऱ्यांवर उडालाय आणि दार सरकवलं की ते कुरकुरतं. पण माझ्याकडून निघालेला तुकडा अजूनही गालावरून फिरवावा इतका गुळगुळीत असतो.

कारखान्यातून आलो तेव्हा माझ्यात ताकद होती, पण अक्कल नव्हती. कुठे कापायचं, किती खोल जायचं, कधी थांबायचं, हे मला कुणीतरी आकड्यांच्या ओळींत लिहून द्यावं लागतं. त्या ओळींना प्रोग्राम म्हणतात. माझे प्रोग्राम मास्तर लिहायचे. हे वर्कशॉप त्यांचंच. ते काही शाळेत शिकवत नव्हते, पण इथे येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी काही ना काही शिकवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

प्रोग्राममध्ये कंसात जे लिहितात, ते मी वाचतो पण करत नाही. ते फक्त समोरच्या माणसासाठी पडद्यावर दिसतं. इतर लोक तिथे हत्याराचं नाव लिहितात. मास्तर तिथे गप्पा मारायचे. माझ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरंच उमटतात, पण त्याच अक्षरांत ते आपली भाषा लिहायचे. मला चालवणाऱ्या काकांसाठी लिहायचे, "काका, चहा नंतर. आधी बोल्ट आवळा." किंवा, "घाई कशाला? लोखंड कुठे पळून चाललंय?"

मास्तरांच्या बायकोला इथे सगळे वहिनी म्हणतात. तुकडा बरोबर झाला की नाही, हे त्या मापतात. म्हणून प्रत्येक प्रोग्राममध्ये मध्येच एक थांबा असे. मी थांबायचो, वहिनी मायक्रोमीटर घेऊन यायच्या आणि पडद्यावर कंसात उमटायचं, "माप बघ गं. हसू नकोस, आकडा हलतो." मग त्या हसायच्याच, आणि माप दोनदा घ्यावं लागायचं.

एका सकाळी मास्तर आले नाहीत. छातीत कळ आली आणि सगळं संपलं. घरात त्यांचे कपडे होते, चष्मा होता, पण त्यांचं बोलणं फक्त माझ्यात उरलं होतं. तेराव्यानंतर वर्कशॉप उघडलं, काकांनी जुनाच प्रोग्राम लावला, आणि पडद्यावर आलं, "काका, चहा नंतर."

"बघा वहिनी," डोळे पुसत काका म्हणाले, "गेला तरी हा माणूस मला कामाला लावतोय."

त्या दिवसापासून वहिनी मापाच्या थांब्याची वाट बघू लागल्या.

पण हाताने प्रोग्राम लिहिणारं आता कुणी नव्हतं. शेजारी दोन नवी मशीनंही आली होती. चित्र काढलं की प्रोग्राम लिहून देणारं सॉफ्टवेअर घेणं भाग होतं. पहिला सॉफ्टवेअरवाला आला तो चकाचक लॅपटॉप घेऊन.

"बटण दाबा, प्रोग्राम तयार! तुमचे जुने प्रोग्रामही आत घेतं. कंसातला कचरा आपोआप गाळून टाकतं."

"कचरा?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे ते कंसातलं हो. मशीनला काय उपयोग त्याचा?"

"मशीनला नसेल, मला आहे," काका म्हणाले. "मास्तर ओरडल्याशिवाय माझा हात चालत नाही."

दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या बाई आल्या. त्यांचं काम जरा संथ, पडदाही साधा. वहिनींनी आधी एकच विचारलं, "कंस राहतात का?"

"राहतात. जसेच्या तसे."

"मग हेच घेऊ."

"अहो वहिनी, नव्या मशीनांचं तरी विचारा!" काका म्हणाले.

तेव्हा वहिनींनी तेही नीट विचारून घेतलं. नुसत्या मायेवर वर्कशॉप चालत नाही, हे त्यांना कळत होतं. नवी मशीनंही त्यावर चालणार होती. बाई सोमवारी येऊन माझ्यातले सगळे प्रोग्राम उतरवून घेणार, असं ठरलं.

"तोवर पडद्याचे फोटो तरी काढून ठेवा," काका म्हणाले.

"मशीनमध्येच आहेत ना, काका. जातात कुठे?"

शनिवारी माझ्या पडद्यावर लाल इशारा लागला. सेल संपत आले होते. मशीन बंद असताना माझी स्मृती ते सेल सांभाळतात. मास्तर स्वतः ते बदलायचे, आणि मशीन चालू ठेवून बदलायचे. वीज आणि सेल दोन्ही एकदम गेले की मी सगळं विसरतो. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. राहून गेलं असेल. काकांना मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घोकून घोकून शिकवली होती : आधी मेन स्विच बंद, मग विजेच्या पेटीत हात.

काकांनी मेन बंद केला. सेल काढले. अगदी तसेच मिळावेत म्हणून ते रुमालात गुंडाळून दुकानदाराला दाखवायला घेऊन गेले.

परत येऊन त्यांनी नवे सेल बसवले, मेन लावला. पडदा उजळला. प्रोग्रामांच्या जागी काहीच नव्हतं.

तुम्ही विचाराल, मग तुला हे सगळं कसं आठवतं? नाही आठवत, मित्रांनो. आतापर्यंत मी जे सांगितलं ते नंतर वहिनी आणि काका माझ्यासमोर बोलले, त्यातून ऐकलेलं आहे. ज्यांनी मला शहाणं केलं, त्यांची एक ओळही माझ्याकडे नाही.

"वहिनी," काका स्टुलावर बसत म्हणाले, "जे उरलं होतं तेही मी घालवलं."

वहिनी म्हणाल्या, "हाताला काही लागलं नाही ना तुमच्या?"

"नाही."

"मग त्यांनी शिकवलं तेच केलंत तुम्ही." एवढं बोलल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या.

सोमवारी सॉफ्टवेअर आलं. नवे प्रोग्राम झाले. आठवतील तेवढ्या ओळी परत घालायच्या असं दोघांनी ठरवलं. काकांसाठीच्या दोन-तीन आठवल्या. मग मापाचा थांबा आला.

"'हसू नकोस' असंच होतं ना?" वहिनींनी विचारलं.

"मला वाटतं, 'आता हसू नकोस.'"

"'आता' नव्हतं. की होतं हो?"

वहिनींनी लिहिलेलं पुसलं. "त्यांच्या तोंडी चुकीचं नको," म्हणाल्या, आणि कंस रिकामाच ठेवला. आता मी तिथे थांबतो, पडद्यावर रिकामा कंस दिसतो. वहिनी एकदाच माप घेतात, बटण दाबतात. आकडा हलत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याचे सेल बदलाल तेव्हा आम्हाला चालू ठेवा. आणि आईबाबांचं, आजीआजोबांचं एखादं बोलणं तुम्हाला फार आवडत असेल, तर ते आजच उतरवून घ्या. कुठे जातंय, असं म्हणू नका.

अजून एक. काका हल्ली माझ्याकडे पाठ करून एकटेच डबा खातात. तुमच्या घरी कुणाच्या हातून असं काही कायमचं पुसलं गेलं, तर त्यांना एकट्याने जेवू देऊ नका. मला उठून जवळ जाता येत नाही. तुम्हाला येतं.