आश्रुबांच्या गळ्यातली वीणा

मित्रांनो, खुंटीला टांगलेली ही धुळकट, लांबडी वस्तू काय आहे, असं मघाशी तुम्ही एकमेकांना विचारत होतात ना? मी वीणा आहे, भजनाची जुनी वीणा. "हिला हात लावू नका रे," असं तुम्हाला ज्यांनी दटावलं, त्यांना माझी हकिकत धड ठाऊक नाही. म्हणून मीच सांगते.

आमचं गाव लिंबागणेशपासून तीन-चार कोसांवर. माझा भोपळा चतुराबाईंच्या परसातला. बाईंनी तो भाजीला कापला नाही, वेलावरच वाळू दिला. सटवा सुताराने त्याला दांडी बसवली, तारा ओढल्या आणि मला आश्रुबांच्या गळ्यात घातलं. आश्रुबा म्हणजे चतुराबाईंचे मालक. मेंढरं राखणारा माणूस, पण गळा मोठा गोड. ते गाऊ लागले की मेंढरं चरायची थांबतात, असं बाई सांगायच्या. मला विचाराल तर मेंढरांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण बाईंना कोण सांगणार?

गावातल्या पोरांना आश्रुबांनीच भजन शिकवलं. बंकट, गहिनीनाथ आणि आणखी दहा-बारा जण. आमचं भजनी मंडळ उभं राहिलं. माझे ते दिवस मजेत गेले. लोक मला गंध लावत, हार घालत, पाया पडत. मला मान आवडायचा, खोटं कशाला बोलू?

मग निजामाच्या मुलखात प्लेग शिरला. आमचं गाव घरंदारं सोडून रानात झोपड्या घालून राहिलं. आश्रुबांचा एकुलता एक मुलगा त्यात गेला. साथ ओसरली तेव्हा गावाने देवाला शब्द दिला, की दर चैत्रात अखंड नामाचा सप्ताह करू. अखंड म्हणजे सात दिवस एकाने मला गळ्यात घेऊन देवापुढे उभं राहायचं आणि नाम घ्यायचं. तो दमला की दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. याला पहारा म्हणतात. मी जमिनीला टेकले की सप्ताह मोडला, आणि सप्ताह मोडला की प्लेग परत येणार, असं साऱ्या गावाने मनात धरलेलं. मला धरायचा मान फक्त माळकरी पुरुषांचा. माळकरी म्हणजे आमचं मंडळच.

एका सप्ताहात खबर आली, की लिंबागणेशला नगरकडची मंडळी गाणार आहेत. बिदागी घेऊन गावोगाव गाणारे आठ जण. आमची पोरं सकाळपासून चुळबुळत होती. शेवटी बंकटने आश्रुबांजवळ विषय काढला.

"आबा, आमी जाऊन येतो. असं गाणं पुन्हा कवा ऐकाया मिळायचं?"

"जा की. पर दोघं मागं ऱ्हा. मह्याच्यानं आता लई येळ उभं ऱ्हावत न्हाई."

"राहत्येत की! अन् उन्हं कलायच्या आत आमीबी येतो."

दोन गाड्या जुंपल्या. पहिल्या गाडीतल्यांना वाटलं, दुसऱ्या गाडीतले कुणी थांबले असतील. दुसऱ्या गाडीतल्यांना वाटलं, पहिल्यातले. विचारलं कुणीच नाही. विचारलं असतं तर खाली उतरावं लागलं असतं ना!

देवळात राहिलो आम्ही दोघं. चैत्राचं ऊन, आत वाऱ्याची झुळूक नाही. आश्रुबांचे पाय सुजून खांबासारखे झाले. आवाज बसत चालला, तरी नाम सुटलं नाही. दुपारी चतुराबाई ताक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अवं, दुसरं कुनी कावून न्हाई?"

आश्रुबांचं नाम चालूच होतं. बाई घरोघर धावून आल्या. सगळे माळकरी गाण्याला गेलेले. परत येऊन त्यांनी सरळ हात पुढे केले. "द्या मह्याकडं."

"बायांनी धरत न्हाईत."

"भोपळा मह्या परसातला चालतो, अन् हात चालत न्हाई व्हय?"

दोन नामांच्या मध्ये श्वास घेत आश्रुबा म्हणाले, "आपलं पोरगं गेलं. दुसऱ्या कुनाचं जायला नगं."

बाईंनी हात आवरले. त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि आश्रुबांची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. माझ्या दांडीला बोटसुद्धा लागू दिलं नाही.

तिकडे काय झालं, ते मला फार वर्षांनी कळलं. म्हातारपणी बंकट माझ्यासमोर बसून एकटाच बोलायचा. तो म्हणायचा, आठ माणसं गात होती, पण गळा एकच वाटत होता. आपण आजवर नुसते ओरडत होतो, असं वाटून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसताना त्याला समोर गहिनीनाथ दिसला.

"आरं, तू हितं? मंग पहाऱ्याला कोन हाय बे?"

"मला वाटलं, तू कुनाला तरी ठिवलं असशील."

दोघे उठले. तेवढ्यात नवं पद सुरू झालं. "आबा दमाचे हायेत," बंकट म्हणाला, "येवढं एक होऊ दे." त्या एकामागून आणखी एक झालं, त्यामागून आणखी एक.

ऊन कललं तेव्हा आश्रुबांचे गुडघे वाकले. बाईंच्या हातांना तो भार पेलेना. बाईंनी झटकन माझा पट्टा त्यांच्या गळ्यातून काढला आणि मला फरशीवर ठेवलं. हो, ठेवलं! मग त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडात पाणी घातलं. एक घोट आत गेला, दुसरा ओठांवरून खाली आला.

बऱ्याच वेळाने गाड्यांचा आवाज आला. पोरं नवी चाल गुणगुणतच देवळात शिरली. बंकटची नजर आधी माझ्यावर पडली.

"काकू! वीणा खाली कशी?"

बाईंनी वर पाहिलं. "तिला काय झालं न्हाई रे. ह्यांच्याकडं बघ."

दुसऱ्या दिवशी खांदा द्यायला सगळं मंडळ होतं. आदल्या दुपारी त्यातला एकसुद्धा नव्हता.

पुढे गावात बोभाटा झाला, की बाईने सप्ताह मोडला. बंकट आणि गहिनीनाथ खाली माना घालून उभे राहिले, खरं काही बोलले नाहीत. बाईंना देवळाची पायरी बंद झाली. त्या साली प्लेग आला नाही, पुढच्याही साली नाही. तरी कुणी त्यांना वर बोलावलं नाही. त्या बाहेरूनच हात जोडायच्या, मरेपर्यंत. मलाही बाटलेली म्हणून इथे टांगलं. माझ्या तारा गंजल्या त्याचं मला काही नाही. बाईंना माझा फार राग आला असेल, असं मात्र अजून वाटतं आणि जीव तुटतो.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे ऐकून तुमचे कान किटले असतील. मी तसं म्हणणार नाही. मला पुन्हा कधी कुणाच्या गळ्यात घातलंत, तर त्या माणसाच्या पायांकडे बघत जा. ते थरथरताना दिसले, तर कुणाला काही विचारत बसू नका. मला खाली ठेवा. मी लाकूड आहे, मला पुन्हा उचलता येतं.