खोली बंद झाल्यावर

मालवणच्या एसटी स्टँडमागे, एका टेलरच्या दुकानावर, छोटीशी एक खोली होती. बाहेर पाटी नव्हती. पाटी असती तर तिथे कोणी पायरी चढलंच नसतं. आत एक टेबल, चार खुर्च्या, कॅरमबोर्ड आणि कुलपाचं एक लोखंडी कपाट. ज्या पुरुषांचा जीव पुरुषांवरच जडतो आणि ज्यांना ते घरी सांगायची सोय नसते, अशांसाठी एका संस्थेने ती भाड्याने घेतली होती. तिथे रक्त तपासून मिळायचं, निरोध मिळायचे, चार घटका मोकळं बसता यायचं. आणि ज्याच्या रक्तात एचआयव्ही निघेल त्याला जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंत सोबत मिळायची. ही सोबत करायचं काम नऊ वर्षं महादूकडे होतं.

महादू पन्नाशी ओलांडलेला. तरुणपणी तो दशावतारी कंपनीत बाईची कामं करायचा. जत्रांमधून त्याची तारामती रडायला लागली की समोरच्या बायकाही पदर डोळ्यांना लावायच्या. पुढे आवाज फाटला, गुडघे धरले आणि कंपनी सुटली. लग्न त्याने केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायचं गावाने केव्हाच सोडून दिलं होतं. खोलीत येणारी पोरं त्याला मावशी म्हणत, आणि त्या हाकेला तो खुशीने ओ देई.

शाहीद त्या खोलीत पहिल्यांदा आला तेव्हा दोन महिने ताप अंगात मुरवून आला होता. वय सव्वीस, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. तपासणीत जे निघायचं ते निघालं. महादू त्याला इस्पितळात घेऊन गेला. रक्तातल्या लढणाऱ्या पेशी पाचशेच्या वर असायला हव्यात, त्या नव्वदवर आल्या होत्या.

"उशीर झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण फार नाही. रोज एक गोळी. एकही दिवस चुकवायची नाही. मग तू माझ्यापेक्षा जास्त जगशील."

गोळी फुकट होती आणि एकच होती. अडचण एवढीच की ती ठेवायची कुठे. शाहीदच्या घरात दोन खोल्या, त्यांत आई वजीरा, थोरला भाऊ अतहर, भावजय आणि तिची दोन मुलं. आईचा हात सगळ्या घरावरून फिरायचा, उशीच्या अभ्र्यापासून विजारीच्या खिशापर्यंत. तेव्हा बाटली महादूच्या कपाटात राहिली. संध्याकाळी सहाला कारखाना सुटला की शाहीद जिना चढायचा, महादू कुलूप काढायचा, शाहीद गोळी गिळायचा आणि मग कॅरमवर बसायचा.

सात महिन्यांत त्याचे गाल भरले. एक दिवस आईबद्दल सांगताना तो म्हणाला, "मावशे, आवस म्हणता तुका कोणाची नजर लागली होती ती उतारली."

"मगे तू काय सांगलस?"

"सांगलंय, हो, उतारली."

दोघेही हसले होते.

फेब्रुवारीत संस्थेतल्या साहेबांचा फोन आला. "महादू, एकतीस मार्चनंतर प्रकल्पाला निधी नाही. खोली सोडावी लागेल. तुम्ही सगळ्यांना थेट इस्पितळाशी जोडून द्या."

"साहेब, ही माणसं थेट जाणारी असती तर खोली कशाला लागली असती?"

"मला कळतं हो. माझीही नोकरी जातेय."

रागवायला समोर कोणी असावं लागतं. त्याने एकेकाला बोलावून सांगायला सुरुवात केली. कोणी बरं म्हणाले, कोणी तिथेच बसून रडले. काहींनी फोनच उचलले नाहीत.

शेवटच्या संध्याकाळी शाहीद आला तेव्हा कॅरमबोर्ड कोणीतरी घेऊन गेलं होतं. महादूने बाटली त्याच्या हातात ठेवली.

"खंय ठेवतलस?"

"कारखान्यात. कपड्यांच्या पिशयेत."

"माझ्याकडे ठेवलंय असतंय रे. पण तुका रोज गावात येवक जमाचा नाय."

"माका कळता, मावशे."

महादूचं गाव मालवणपासून एसटीने तासाभरावर, आत काजूच्या बागांमध्ये. भाऊ आणि भावजय रसिका यांच्याकडे तो राहायचा. रोज गोळीसाठी तिथे येणं म्हणजे अशक्यच.

"तुझ्या आवशीक सांगूया? मी सांगतंय. तू नुसतो बाजूक बस."

शाहीदचा चेहरा उतरला. "नको. गोळीचा सांगला की बाकीचा पण सांगूक लागात. अतहर माका घरात ठेवचो नाय. आणि तू आमच्या घराकडे कधी येव नको. शपथ घे."

महादूने शपथ घेतली.

एप्रिल, मे तो दर दोन दिवसांनी फोन करत राहिला. "घेतस मा रे?" "घेतंय, मावशे." आवाज बरा वाटायचा. पुढे फोन उचलणं कमी झालं, आणि जुलैत नंबरच बंद पडला. महादूने इस्पितळातल्या समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मे महिन्यापासून तो औषध न्यायला आलेला नाही. आम्ही फोन केले, लागत नाही. महादूभाऊ, सगळ्या जिल्ह्यात फिरायला आमची दोन माणसं आहेत."

बर्फाच्या कारखान्यात गेल्यावर बाकीचं कळलं. गंगाराम नावाच्या बरोबरच्या कामगाराने बिडीसाठी शाहीदची पिशवी उघडली होती. बाटली हातात घेऊन तो सगळ्यांसमोर विचारत सुटला, ह्या कसला औषध रे? शाहीद म्हणाला, कावीळ झाली होती. त्याच दुपारी त्याने बाटली जेटीवरून पाण्यात टाकली आणि पंधरा दिवसांत काम सोडलं. म्हणजे मे महिन्यात जो 'घेतंय, मावशे' म्हणत होता, तो घेत नव्हताच. आणि महादूला ते आवाजातून कळायला हवं होतं. कळलं नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नाही.

सप्टेंबरात त्याने शपथ मोडली आणि शाहीदच्या घरी गेला.

दार वजीराने उघडलं. साठीची, बारीक चणीची बाई. हातांना मासळीचं मीठ होतं. महादूने नाव सांगितलं, कारखान्यातल्या ओळखीचा म्हणाला. तिने त्याला बसवलं, चहा दिला. शाहीद वास्कोकडे एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेल्याचं सांगितलं. मग त्याच्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमका मी वळाखतंय. माझो घोव जत्रेत बांगड्यांचा दुकान लावी. तुम्ही नाटकात बाईचा काम करी होतास."

"होय, भाबी."

"माझ्या झिलाची आणि तुमची वळख कशी?"

महादूने कप खाली ठेवला. "मालवणात झाली."

"तो जाताना सुकान गेलो. रात्रभर खोकी. माका काय सांगणा नाय. तुमका ठाऊक आसा तेका काय झाला हा ता." तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या डोळ्यांत बघा आणि सांगा, ठाऊक नाय म्हणान."

महादूला तिच्या डोळ्यांत बघता आलं नाही. सांगितलं तर शाहीदचं घर जाणार. रुग्णाच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही, असा कायदाही होता, आणि शाहीदही नको म्हणाला होता. "तो घराक इलो की माका फोन करूक सांगा. इतक्याच करा," तो म्हणाला आणि नंबर एका कागदावर लिहून, खाली गावाचं नाव घालून दिला.

तेवढ्यात अतहर आला. त्याने पाहुण्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, दारापर्यंत सोबत केली आणि हळूच म्हणाला, "तुम्ही कोण ता माका म्हायत आसा. परत हंय येव नका."

परतीच्या एसटीत महादूने दोनदा उतरायचं ठरवलं. एकदा कट्टा गावच्या थांब्यावर, एकदा त्याच्या पुढच्या फाट्यावर. परत जावं आणि सगळं सांगून टाकावं. दोन्ही वेळा तो बसूनच राहिला.

नोव्हेंबरच्या मध्यावर वजीरा एकटी गाव शोधत आली. महादू खळ्यात भात वारवत होता. रसिकाने तिला पाणी दिलं, ते तिने हातातच धरून ठेवलं.

"शाहीद घराक इलो. डोक्या इतक्या दुखता की भितीर आपटता. उजेड सोसणा नाय. दोन डॉक्टर झाले, गोळये देतत, उतार नाय. आता तरी सांगा."

"तेका विचारूक होया, भाबी. तेका विचारल्याशिवाय माका सांगूक येवचा नाय."

"मगे चला. विचारा."

खिडकीला गोधडी लावून खोलीत काळोख केला होता. शाहीद चटईवर कुशीवर पडलेला. खांद्याची हाडं वर आलेली. महादू त्याच्या डोक्याशी बसला.

"मावशे," शाहीद म्हणाला, "तू इलस."

"तुझ्या आवशीक सांगू?"

शाहीदने डोळ्यांवर हात घेतला. "बाटलयेचा सांग," तो म्हणाला. "बाकीचा नको."

स्वयंपाकघरात जमिनीवर बसून महादूने सांगितलं. नाव सांगितलं, कधीपासून ते सांगितलं. वजीरा ऐकत राहिली.

"ह्येका औषध आसा?"

"आसा."

"खंय मेळता?"

"इस्पितळात. फुकट."

"किती खावक लागता?"

"रोज एक गोळी."

"एकच?"

"एकच, भाबी."

तिने हात मांडीवर उपडे ठेवले. "मी तेका रोज हातान भरवली असती," ती म्हणाली. "कसली गोळी, ता विचारूक पण नसता. म्हातारपणात माका तरी दुसरा काय काम आसा?" आणि मग थोड्या वेळाने, "तुम्ही गणपतीनंतर इललास. त्या दिवशी सांगला असतास तर?"

मग ती उठून अतहरला गाडी आणायला सांगायला गेली.

अतहरने भावाला दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवलं. इस्पितळात पाठीतून पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाला संसर्ग झाला होता. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी केस पेपर उलटून मे महिन्यावर बोट ठेवलं, महादूकडे पाहिलं, आणि काही न विचारता औषधं लिहायला घेतली. सुया सुरू झाल्या. पहिले चार दिवस जरा उतार वाटला. शाहीदने पेज मागून घेतली, आईला म्हणाला, मीठ कमी हा. पाचव्या दिवशी त्याची दृष्टी गेली. "कोणी दिवो कित्याक घालवलो?" तो विचारत होता. दुपारचे बारा वाजले होते. आईने "लाईट गेली हा, बाबा, येतली आता," असं सांगितलं आणि पुढचे सगळे दिवस तेच सांगत राहिली.

अतहर महादूशी बोलत नव्हता. पण आठव्या दिवशी त्याने खालून तीन चहा आणले आणि एक महादूसमोर ठेवला. "माका सांगूक होया होता तेना," तो चहाकडे बघत म्हणाला. "मी तेका मारलंय असतंय. पण गोळी खावक दिली असती."

असं झालं असतं का? महादूला ते खरंही वाटलं आणि खोटंही.

अकराव्या दिवशी सकाळी शाहीद गेला.

दफनाला महादू कब्रस्तानच्या दगडी गडग्याबाहेर उभा होता. आत ये म्हणून कोणी सांगितलं नाही, जा म्हणूनही सांगितलं नाही. नंतर वजीराने त्याला बाजूला बोलावलं. "लोकांका मेंदूतलो ताप म्हणान सांगलंय. तुम्ही पण तसाच सांगा." महादूने मान हलवली. विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं. खोटं तर नव्हतं ते.

जानेवारीत एक दिवस तिचा फोन आला. मासळी बाजारात पाट्या उचलणारा तिशीचा एक हमाल तिने पाहिला होता. तसाच सुकत चाललेला, तसाच खोकणारा. "शाहीद आणि तो सोबत फिरत. माका संशय येता. तेका खंय धाडू?"

"इस्पितळात."

"एकटो जायत?"

"नाय जावचो," महादू म्हणाला. "मी येतंय."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीने गेला. बाजाराच्या तोंडाशी दोघंही दोन तास थांबली. वजीराने डब्यातून भाकरी आणली होती, त्या माणसाला द्यायला. तो आला, पाटी उतरवली, आणि महादूला बघताच त्याचे हात थांबले. तोही कधीकाळी दोनदा त्या खोलीचा जिना चढला होता. वजीरा पुढे झाली. "बाबा, जरा आयक माझा," एवढंच ती म्हणाली.

"तुमचो कायतरी घोटाळो झालो हा, काकी. माका काय नाय झाला," तो मोठ्याने, चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि बर्फाच्या खोक्यांमधून वाट काढत मागच्या बाजूने निघून गेला. गुडघ्यांमुळे महादूला त्याच्या मागे धावता आलं नाही. तो कोपऱ्यापर्यंत पोचला तेव्हा गल्लीत कोणी नव्हतं.

तो परत आला. वजीरा तिथेच उभी होती, भाकरीचा डबा हातात धरून.

"तेचा घर ठाऊक आसा तुमका?" तिने विचारलं.

"नाय."

"नाव?"

खोलीत आला तेव्हा त्या माणसाने एक नाव सांगितलं होतं. ते खरं नसणार, हे महादूला तेव्हाच ठाऊक होतं.