मैदानाकडे पाठ

वीसएक वर्षांत भोंग्याचा एकही सामना चुकला नाही, आणि त्याने एकही गोल पाहिला नाही. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. पण फुटबॉलच्या मैदानात जी उभ्यांची बाजू असते, स्वस्त तिकिटाची, तिथे ज्यांनी कधी घसा बसवून घेतला आहे, ते यावर नुसती मान हलवतील. घोषणा देणारा कठड्यावर चढतो आणि मैदानाकडे पाठ करून लोकांकडे तोंड करतो. तोच खेळ बघत बसला तर हजार माणसांना एका तालात ओरडायला लावणार कोण? तेव्हा संघ ज्याच्या आवाजावर उड्या मारायचा, त्याला संघ कधी दिसलाच नाही.

भोंग्या हे नाव ताईने ठेवलं होतं. पाळण्यात असताना तो रडला की अख्खी गल्ली उठायची. आई कामावर जायची, त्यामुळे तो ताईच्याच कडेवर वाढला, आणि मैदानात पहिल्यांदा गेला तोही तिच्याच खांद्यावर बसून. मोठेपणी तो भाजीबाजारात लिलाव पुकारू लागला. ढिगासमोर उभं राहून भाव ओरडायचा आणि कोण आता मान हलवणार हे तोंडावरून ओळखायचं, हा त्याचा धंदा. तोंडं वाचण्यात त्याचा हात धरणारा नव्हता, आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

आता, खेळ दिसत नसताना काय चाललंय हे त्याला कळायचं कसं? ताईमुळे. ती पहिल्या रांगेत, बरोबर त्याच्या समोर उभी राहायची. आपला संघ पुढे सरकला की तिच्या भुवया वर जायच्या. चेंडू गोलपाशी आला की ती खालचा ओठ दातात धरायची. हुकला तर भोंग्याकडे अशी रागाने बघायची, जणू चेंडू यानेच बाहेर मारला. आणि गोल झाला की सगळं जग नाचत असताना ती फक्त डोळे मिटून घ्यायची, गच्च, क्षणभर. कप्तानाचे सगळे गोल भोंग्याने ताईच्या मिटलेल्या डोळ्यांत पाहिले. त्याला दुसरं काही बघायची इच्छाही नव्हती.

कप्तान म्हणजे यांचा देवच. याच गल्ल्यांतला, फाटक्या बुटांनी वर आलेला. सामना संपला की तो उभ्यांच्या बाजूला येऊन हात वर करायचा. "अडवतो कोण?" भोंग्या ओरडायचा. "बाजूला हो!" लोक गर्जायचे. "आला कोण?" "आपला माणूस!" त्या दोन शब्दांवर आठवडा निघायचा. ताई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती. तिथे ढोलाएवढ्या मशिनीतून ओल्या चादरी ओढताना ती हेच पुटपुटायची म्हणे.

पुढे कप्तान खेळायचा थांबला आणि मैदान ओकंबोकं झालं. नवे खेळाडू आले, गेले. भोंग्या ओरडायचा, पण ताईच्या भुवया काही वर जायच्या नाहीत. आणि मग एक दिवस कप्तान निवडणुकीला उभा राहिला. सभा त्याच मैदानात, कठडा तोच, आणि भोंग्याला रीतसर निरोप आला. दोघं बहीणभाऊ नाचायचे तेवढे बाकी राहिले होते. उभ्यांची बाजू कधी हलणार नाही, गरिबाला कुणी अडवणार नाही, असं कप्तान म्हणाला, तेव्हा ताईने चक्क डोळे मिटले.

भोंग्याला एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. सामन्यात लोकांच्या तोंडावर धाकधूक असायची, पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नसायचं. सभेत ते सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी तोंडं तापायची, उलट जास्तच तापायची. पण गेलेले सामन्यांचे रविवार परत मिळत असताना माणूस फार चिकित्सा करत नाही. त्यानेही केली नाही.

शेवटच्या सभेआधी धुलाईखान्यात वाफेचा पाइप फुटला आणि ताईच्या जोडीदारणीचा हात भाजला. पाइप बदलेपर्यंत काम करणार नाही म्हणून सगळ्या बायका बाहेर येऊन बसल्या, ताईही बसली. सभेला मात्र ती आली. कप्तान आपला आहे, त्याच्या कानावर गेलंय, तो आज बोलेल, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

कप्तान बोललाही. भोंग्याच्या पाठीमागून त्याचा आवाज आला, "आजारी माणसाची चादर अडवून बसलेत हे ऐतखाऊ! कामचुकार!" आणि मग तो थांबला. तो थांबला की भोंग्याने सूर धरायचा, हे ठरलेलंच होतं.

"अडवतो कोण?"

"ऐतखाऊ!"

"काय करायचं?"

"बाजूला सारा!"

समोरची सगळी तोंडं एकदम पेटली. ताईचं मात्र दुकानाचं शटर पडावं तसं बंद झालं. भोंग्याने ते पाहिलं आणि पुन्हा ओरडला, "अडवतो कोण?" ताई वळली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. उकाड्याने तिला गरगरलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुढे महिनोन्महिने तो हेच सांगत राहिला.

कप्तान निवडून आला. धुलाईखान्याचं काम ठेकेदाराला गेलं आणि बायका घरी बसल्या. ताई लॉजच्या चादरी घरी आणून धुऊ लागली. भोंग्या तिच्याकडे गेला की ती दार उघडायची, पाण्याचा पेला ठेवायची आणि पाठ करून इस्त्री करत राहायची. तिने बोलणं बंद केलं असतं तरी त्याने निभावून नेलं असतं. तिने तोंड दाखवणं बंद केलं. बाजारात शंभर तोंडं समोर असायची, पण त्यातलं एकही त्याला काही सांगत नव्हतं. तो पुकारताना भाव विसरायला लागला.

तिचं काम परत मिळवून दिलं की ती वळेल, असा त्याने हिशेब बांधला आणि कप्तानाचं ऑफिस गाठलं. बाकावर ताटकळून झाल्यावर कप्तान आतून बाहेर आला, फोटोत हसतो तसाच हसला आणि चिटणिसाला म्हणाला, "हे कोण?"

"साहेब, मी भोंग्या."

कप्तान हसतच राहिला. तशी त्याचीही चूक नव्हती म्हणा, मैदानातून काय आणि व्यासपीठावरून काय, त्याने याची फक्त पाठच पाहिली होती. भोंग्याच्याही ते लक्षात आलं. त्याने गर्रकन पाठ केली आणि बाकावरच्या लोकांकडे तोंड करून ओरडला, "अडवतो कोण?"

"बाजूला हो!" बाकावरची माणसं सवयीने ओरडली. त्यांतल्या एकाच्या हातातला चहा सांडला.

"अरे, हा तर आपला आवाज!" कप्तानाने टाळी वाजवली. भोंग्याने घाईघाईने धुलाईखान्याचं सांगितलं, बहिणीचं सांगितलं. "बघू," कप्तान म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. 'बघू' म्हणजे काय, हे लिलावात उभं राहणाऱ्याला शिकवावं लागत नाही. बाहेर जिन्यावर चिटणिसाने वर मीठ चोळलं, अगदी प्रेमाने. "आता सभांना यायची दगदग नको हं तुम्हाला. आवाज रेकॉर्ड करून ठेवलाय. मैदानातही तोच लावणार आहोत."

तरी नव्या मोसमाचा पहिला सामना आला तेव्हा भोंग्याचे पाय मैदानाकडेच वळले. जित्याची खोड, दुसरं काय! उभ्यांची बाजू गेली होती. तिथे निळ्या खुर्च्या ओळीने बसवल्या होत्या आणि कठड्याच्या जागी जाहिरातीचा फलक होता. तो सवयीने फलकाशी जाऊन लोकांकडे तोंड करून उभा राहिला. रखवालदार आला.

"काका, खुर्चीवर बसा. आणि समोर बघा. खेळ तिकडे आहे."

भोंग्या बसला. कळत्या वयात पहिल्यांदा त्याने सामना पाहिला. मैदान त्याला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं, हिरवं होतं, आणि कुठे बघायचं ते कळत नव्हतं. चेंडू इकडे गेला, तिकडे गेला. डोक्यावरच्या कर्ण्यांतून त्याचाच आवाज येत होता, "अडवतो कोण?" आणि लोक मोबाइलमध्ये बघत उत्तर देत होते. मग एकदम सगळे उभे राहिले. गोल झाला होता. तो त्याने डोळ्यांनी पाहिला, चेंडू जाळ्यात लोळत होता, आणि त्याला काहीही वाटलं नाही. त्याची नजर शेजारच्या, पुढच्या, मागच्या तोंडांवर फिरू लागली. ताईची आठवण इतकी जोरात आली की त्याला बसवेना. मध्यंतराची शिट्टी झाली आणि तो बाहेर पडला.

ताईच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत वाफ होती, साबणाचा वास होता. ती दाराकडे पाठ करून इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. समोर खिडकी, आणि खिडकीशेजारच्या फळीवर टीव्ही. टीव्हीवर सामना चालू होता. म्हणजे तिनेही सोडलं नव्हतं तर!

खिडकीच्या गजाला एका चादरीची दोन टोकं बांधलेली होती. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. धुलाईखान्यात समोर जोडीदारीण असायची. इथे ताई एक बाजू गजाला बांधायची आणि दुसरी बाजू धरून ताणायची. बांधून बांधून गजाचा रंग तेवढ्या जागी गेला होता. भोंग्या ते बघत राहिला.

तो टेबलाला वळसा घालून खिडकीशी गेला, गाठी सोडल्या आणि दोन्ही टोकं हातात धरून उभा राहिला. टीव्ही त्याच्या पाठीशी आला. ताईने मान खाली घातली. इस्त्री पुढे-मागे फिरत राहिली, एकाच जागी.

"कापड जळेल, ताई."

तिने इस्त्री उभी केली. टीव्हीतून आवाज आला, "अडवतो कोण?" ताईचा हात थबकला.

"तुझाच ना हा?"

"माझाच. डब्यात भरलेला."

तिने रिमोट उचलून आवाज बंद केला. मग चादरीची आपली टोकं उचलली, पण मान वर केली नाही.

"त्या दिवशी माझं तोंड दिसलं होतं तुला?"

बाजारात तो दिवसभर खोटं बोलायचा, ताजी ताजी म्हणून कालची भाजी खपवायचा. उकाडा, गरगरणं, सगळं जिभेवर तयार होतं.

"दिसलं होतं."

"मग?"

"कळलं होतं, ताई. लगेच कळलं. तरी पुन्हा ओरडलो. सगळे साथ देत होते... मला थांबता आलं नाही."

बाहेर कुणाची तरी सायकल वाजत गेली. भोंग्याला वाटलं, आता ही टोकं सोडून देईल आणि मग आपल्याला या दारात यायला तोंड उरणार नाही.

"माझ्या जोडीदारणीच्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत," ती शेवटी म्हणाली. "तिला जाऊन सांग हे. मला सांगून काय उपयोग!"

"जातो. आज जातो."

"आणि टोकं नीट धर. बोळा करून ठेवलास चादरीचा."

त्याने धरली. चादरीची घडी पाठ करून घालता येत नाही. ताणायची, झटकायची, टोकाला टोक लावायचं, त्यासाठी समोर बघावंच लागतं. ताईने मान वर केली. ती थकली होती, कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते, आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे, टीव्हीकडे बघत होती. भोंग्याला तेवढंही पुष्कळ होतं.

दोघांनी एका चादरीची घडी घातली, दुसरी उचलली. तिसरी चादर ताणताना मध्येच ताईचे हात थांबले. कापड ताठ झालं. तिच्या भुवया वर गेल्या.

"वळून बघ की मेल्या," ती म्हणाली. "पुढे आलेत."

"नको. मला इथून दिसतंय."

तिने खालचा ओठ दातात धरला. भोंग्याने चादर घट्ट धरून ठेवली. त्याच्या पाठीमागे कुठे तरी, आवाज न करता, हजारो माणसं उठून उभी राहिली असतील. ताईने डोळे मिटले.