सिद्धोधनदादांची सेटिंगची फाईल

"कालपर्यंत येत होतं बरं का. आज येईना झालंय खामखा."

सिद्धोधनदादा की-बोर्डाशी पुटपुटत होते. माझं टेबल त्यांच्या टेबलाला चिकटून, मधे फक्त वजनाच्या पावत्यांचा गठ्ठा. त्यामुळे मशिनला ऐकवलेली त्यांची बोलणी गेली अकरा वर्षं आधी माझ्या कानावरून जातात आणि मग मशिनला पोचतात. मी मान न वळवता पडद्याकडे पाहिलं. स्क्रिप्ट उघडी होती आणि शेवटची एक ओळ राहिली होती. 'इफ'नं सुरू केलेला भाग 'फाय' लिहून बंद करायचा असतो, एवढंच. हे मला त्यांनीच पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. म्हणाले होते, "ताई, दार उघडलं की लावून घ्यायचं. न्हाईतर कुत्रं शिरतंय."

मी म्हणाले, "दादा, जरा तुमचा की-बोर्ड द्या बरं. माझ्या मशिनवरून प्रिंट निघंना."

आणि प्रिंट काढता काढता ती दोन अक्षरं टाकून दिली. ते पावत्यांचा गठ्ठा सरळ करत राहिले.  वर्षभर आमचं असंच चाललं होतं.

आमची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, सेलूच्या रेल्वे फाटकाच्या अलीकडे. हंगामात रोज कापसाच्या साठ गाड्या घेतात. एकसष्टावी आली तर तिला आवारात उभं राहायला जागा नसते. म्हणून रोज संध्याकाळी पाच वाजता, उद्या ज्यांची पाळी आहे त्या साठ जणांच्या मोबाईलवर निरोप जातो, उद्या गाडी घेऊन या. हा निरोप धाडणारी स्क्रिप्ट दादांची. स्क्रिप्ट म्हणजे मशिनला ओळीनं लिहून दिलेली कामं; वाचेल तसं ते करतं, उलटून विचारत नाही. नियम बदलला की दादांनी ती नव्यानं लिहायची. कधी ट्रॅक्टरची रांग वेगळी, कधी ओल्या कापसाची वेगळी. दादांचं शिक्षण बारावी आणि परभणीतला सहा महिन्यांचा कोर्स. माझं दहावी आणि दादा.

ते स्क्रिप्ट ज्यात लिहीत त्या एडिटरचा पडदा काळा, आणि त्यात माऊसचं काही काम नाही. हा एडिटर त्यांनी स्वतःच्या हाताच्या मापानं बेतून घेतला होता. एक बटण दाबलं की स्क्रिप्ट तिथल्या तिथं चालून दिसे. चुकलेली ओळ लाल होई. 'यादी' एवढं टाइप केलं की यादीतला एकेक माणूस घेऊन काम करायचा सहा ओळींचा साचा आपोआप उमटे. आधी तो छंद होता. "बोटाचे कष्ट वाचतेत, ताई," म्हणायचे, आणि नवा शॉर्टकट झाला की लहान मुलासारखं मला बोलावून दाखवायचे. पुढे शॉर्टकट वाढत गेले आणि दाखवणं बंद झालं. मला वाटलं, जुनं झालं, आता काय कौतुक.

मग दादांच्या बायकोचे, बबितावैनींचे फोन सुरू झाले.

"ताई, निघाले का ओ हे?"

"अर्धा तास झाला की."

"हं. फाटकापाशी थांबले असतेन. परवा बी उभे होते तिथंच. झोप होईना ना त्यांची."

"हंगाम आहे, वैनी. झोपच नाही होत."

दादांचं घर फाटकापासून चार मिनिटांवर. पण आम्हा दोघींना झोप हा शब्द फार उपयोगी पडला. तो शब्द संपला की मी उन्हाळा काढायची, वैनी चष्म्याचा नंबर काढायच्या. दादांची नोकरी चार वर्षं राहिली होती. मालकांना कळलं असतं तर त्यांनी दादांना मानानं, हार घालून घरी बसवलं असतं. आणि त्या खुर्चीवरून उठलेल्या दादांचं काय उरेल, याचा विचार मी करत नव्हते. त्यापेक्षा 'फाय' लिहिणं सोपं होतं.

मंगळवारी सकाळी मी आले तर फाटकापासून गाड्याच गाड्या. ट्रॅक्टर, टेम्पो, बैलगाड्यासुद्धा. सोमवारी पाच वाजताचा निरोप साठ जणांना न जाता हंगामाच्या सगळ्या यादीला गेला होता. अकराशे चाळीस नावं.

चारठाण्याचे चंद्रभानमामा वजनकाट्यापाशी शांतपणे तंबाखू मळत होते.

"मामा, तुमचा नंबर तर मागच्या महिन्यात होऊन गेला ना?"

"झाला की. घरात कापसाचं बोंड न्हाई आता. पर तुमीच बोलावलंय म्हणल्यावर रिकामं कसं यावं? शेजाऱ्याचा भरून आणलाव."

त्या दिवशीही मला हसू आलं, याची नंतर लाज वाटली. पलीकडे दादा एकेका गाडीपाशी जाऊन हात जोडत होते. "चुकून गेला निरोप. पाळीच्या दिशी परत निरोप येईल." कुणी शिव्या दिल्या, कुणी पाणी मागितलं. दादांनी दोन्ही मुकाट्यानं पोचवलं. शिव्या स्वतःला, पाणी त्यांना.

मॅनेजर व्यंकटराव मला म्हणाले, "काय झालंय ते बगा जरा. दुपारी मालकाचा फोन यायचाय."

मी दादांच्या खुर्चीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच. सोमवारी नव्यानं लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये 'उद्याची यादी' असायला हवी तिथं 'सगळी यादी' होती. पण त्या सहा ओळी दादा हातानं लिहीत नसत, त्या साच्यातून येत. म्हणून मी त्यांची सेटिंगची फाईल उघडली. सगळे शॉर्टकट तिच्यात असतात.

वरच्या ओळी जुन्या. प्रत्येकीखाली, त्यांच्या सवयीप्रमाणे, मराठीत एक टीप. 'हात वाचतो.' 'झकास चालतंय.' 'ताईंना दाखवणे.' खाली गेले तर 'यादी'चा शॉर्टकट पुन्हा. आणखी खाली, पुन्हा. मी मोजले, अकरा वेळा. एकच शब्द आणि अकरा साचे. दर वेळी त्यांना वाटलं होतं की असा शॉर्टकट आपण अजून केलेलाच नाही. दर वेळी त्यांनी तो पहिल्यापासून रचला होता, आणि शेवटचा, शनिवारचा, चुकला होता. मशिन शेवटचाच खरा मानतं.

टिपाही बदलत गेल्या होत्या. 'फाय म्हणजे बंद.' मग, 'बाहेर पडायचं असलं तर आधी एस्केप, मग कोलन, मग डब्ल्यू, क्यू.' या एडिटरमधून बाहेर पडायची रीत वीस वर्षं, दिवसातून पन्नासदा, त्यांच्या बोटांनी न विचारता पाळली होती. आता ती लिहून ठेवली होती, पत्ता लिहून ठेवावा तशी.

सगळ्यात खाली होतं, 'ताई मागून दुरुस्त करतात. मला कळतंय हे त्यांना कळू देऊ नये.'

 मी दहा साचे पुसले, एक नीट केला, आणि त्यांनी लिहिलेल्या रीतीनंच बाहेर पडले.

दुपारी जिना चढून व्यंकटरावांच्या केबिनमध्ये गेले. दादा मागून येत होते. व्यंकटरावांनी मला तोंड उघडू दिलं नाही.

"टॉवरचा घोळ असंल. मोबाईल कंपनीचं काय खरं असतंय का? मी मालकाला तसंच सांगतो."

व्यंकटराव चांगले माणूस. महिनाभरापूर्वी दादांनी त्यांच्या पुढ्यात एकच कागद तीनदा आणून ठेवला होता, आणि तिन्ही वेळा त्यांनी त्यावर सही केली होती.

"टॉवर नाही साहेब," मी म्हणाले. "सोमवारी यादीला मी हात लावला होता. चूक माझी आहे."

"बगा, मिटलं," व्यंकटराव लगेच म्हणाले. "माणूस हाय, व्हतंय. समज देतो म्हणून सांगू."

दादा दारात उभे होते. खांद्यावर, केसांत कापसाचे तंतू बसले होते.

"बसू का साहेब?"

"बस की सिद्धोधन. विचारायलास काय."

ते बसले. हात टेबलावर ठेवले, बोटं सरळ.

"ताईनं यादीला हात लावला न्हाई. टॉवर बी चांगला हाय."

"अरे, मिटलंय ते. आता कशाला..."

"साहेब, तुमचं नाव मी आता जिन्यात चारदा म्हणत वर आलोय. तरी दारात आल्यावर गेलं, म्हणून साहेब म्हणायलोय."

व्यंकटरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"झोपंचं न्हाई, चष्म्याचं न्हाई," दादा म्हणाले. "मी विसरायलोय. समदंच विसरायलोय."