रिळाला लागलेले जास्तीचे तेल

मित्रांनो, मला स्वस्थ बसवत नाही. मी मासे धरायच्या काठीवरचे एक जुने रीळ आहे. फिरायचे, थांबायचे, पुन्हा फिरायचे, एवढेच मला कळते. तरी सहा वर्षे मी बुटांच्या एका खोक्यात पडून होते. अंगाला नुसत्या मुंग्या येत होत्या.

एका लहानशा कारखान्यात मला जोडले. जोडणाऱ्या बाईने माझी फिरकी टिचकी मारून फिरवली, कानाशी धरली आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी. पुढे मी एका घड्याळजींच्या हाती आले. दुकान बंद केले की ते मला समुद्राच्या धक्क्यावर नेत. त्यांनी काठी झोकली की शिशाचे वजन सुटे, त्यामागे तंगुसाची दोरी धावे आणि मी गरगर फिरे. वजन पाण्यात पडायच्या क्षणी त्यांचा अंगठा फिरकीवर अलगद टेके. तो जरा उशिरा टेकला असता, तर दोरीचा असा गुंता झाला असता की सोडवता सोडवता संध्याकाळ सरली असती. पण तो कधी उशिरा आला नाही. अंगठ्यातही काटे बसवलेत का, असे धक्क्यावरचा बोटीचा मिस्त्री त्यांना विचारी. घरी आल्यावर ते मला गोड्या पाण्याने धुवत, पुसत आणि सुईच्या टोकाने तेलाचा एकच थेंब बेअरिंगमध्ये सोडत.

मग त्यांचा हात थरथरू लागला. दुकान दुसऱ्याकडे गेले आणि मी खोक्यात.

यंदा त्यांच्या मुलाची बदली झाली. नवे घर समुद्रापासून फार लांब. सामान बांधताना मी सुनेला सापडले. मला पाहून घड्याळजी म्हणाले, निघण्याआधी एकदा धक्क्यावर जाऊन यावे. एवढेच. फार मागणारा माणूस नव्हे तो. पण माझे हँडल तसूभर हलेना. आतले ग्रीस सुकून मेणासारखे झाले होते.

सून घरीच शिवणकाम करते. तिने टेबलावर जुना टॉवेल पसरला आणि माझे स्क्रू काढले त्याच क्रमाने त्यावर ओळीत मांडले. रॉकेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने दाते घासले. मी मोकळे झाले! इथवर सगळे उत्तम होते. पण शिलाई मशीनला तेल देताना हात आखडायचा नाही, ही तिची सवय. कुपी उचलून तिने दिसेल तिथे तेल सोडले. माझ्या झाकणाआड ब्रेकचे चार बारीक ठोकळे आहेत. मी जोरात फिरले की ते बाहेर सरकून कड्याला घासतात आणि मला आवरतात. तेही तेलात न्हाले. ओरडावेसे वाटले, पण रिळाला कुठला आवाज?

दुपारी गच्चीवर नुसते वजन बांधून घड्याळजींनी काठी झोकली. मी उधळले. त्यांचा अंगठा थरथरत होता, पण वेळेवर टेकला होता. घसरत होते ते माझे ब्रेक. फिरकीवर दोरीचा हा एवढा पुंजका झाला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा त्यांनी काठी उचललीच नाही.

"अंगठा गेला माझा," ते म्हणाले. "देऊन टाक कुणाला तरी."

ते जिना उतरून गेले. सून गुंता सोडवत बसली. आतून मी नुसते तळमळत होते. झाकण उघड गं बाई, झाकण उघड. दोरीचे एक टोक आत अडकले, म्हणून शेवटी तिने ते उघडले. ठोकळ्यांना तिचे बोट लागले आणि बोट तेलाने चकचकू लागले. ती थबकली. मशीनच्या पट्ट्याला तेल लागले की पट्टा कसा घसरतो, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार? तिने ठोकळे आणि कडे कोरडे पुसले आणि तेलकट फडके घेऊन तशीच खाली गेली.

"बाबा, ब्रेकला तेल लागलं होतं. अंगठ्याचं काही नाही, हा माझा उद्योग."

त्यांनी फडके बोटांत चोळून पाहिले. "माझी समजूत घालतेस?"

"समजूत घालायला वेळ कुठंय मला? अठरा खोकी बांधायचीत अजून. चपला घाला."

धक्क्यावर त्यांनी अकरा वेळा दोरी टाकली. अकराही वेळा ती सरळ गेली. मासा एकही लागला नाही आणि मिस्त्रीने त्यावरून करायची ती थट्टा केली. घड्याळजींचे तिकडे लक्षच नव्हते. सुनेला शेजारी बसवून तेल कुठे घालायचे, ते सांगत होते. ती काळजीपूर्वक ऐकत होती, मधूनच शिवणाऱ्या बाईसारखी खोचक शंका काढत होती.

मित्रांनो, आम्हाला वापरा, धुवा, पुसा. मायेनेसुद्धा तेल जपून घाला. आणि एखादा म्हातारा माणूस आपला हातच गेला असे म्हणून जिना उतरू लागला, तर त्याला जरा थांबवा. आधी आमचे झाकण उघडून बघा.