संत आन्नाचं नाक

"फक्त चेहरा बदला, बाकी चित्र सुरेख आहे," असं फादर गास्पारे म्हणाले, तेव्हा एर्सिलियाच्या मनात आलं, या माणसालाही सांगावं की फक्त डोकं काढून ठेवा, बाकी तुम्ही सुरेख आहात. पण पाद्र्याला असं बोलायचं नसतं, म्हणून ती गप्प बसली. गप्प बसायचा तिला मुळीच सराव नव्हता.

चित्र होतं मरियेच्या आईचं, संत आन्नाचं. दक्षिणेकडच्या त्यांच्या बंदरगावाचा सगळा भार या संत आन्नावर. जुलै सरता सरता तिचा सण येतो. यंदा उत्सवसमितीने चर्चसाठी नवं चित्र करायचं ठरवलं आणि ते काम एर्सिलियाला दिलं. समितीचा प्रमुख तिचाच मुलगा, मिम्मो. एर्सिलियाचा उभा जन्म होड्यांवर नावं आणि संत रंगवण्यात गेला होता, तेव्हा आई एक साधंसुधं गोड चित्र काढून देईल असा त्याचा हिशोब होता.

पण संत आन्ना म्हणजे कोण? वांझोटी म्हणून जगाची बोलणी खाल्लेली, आणि म्हातारपणी लेक पदरात पडलेली बाई. बोलणी खाऊनही ताठ राहिलेला चेहरा गावात एकच होता, धक्क्यावर मासे विकणाऱ्या नुन्त्सियाचा. तिने लग्नाशिवाय दोन पोरं वाढवली होती. गाव तिच्याकडून मासे घासाघीस करून घेई, पण चर्चच्या बाकावर तिच्या शेजारी कोणी बसत नसे. लहानपणी पडून तिचं नाक मोडलं होतं, ते वाकडंच राहिलं. एर्सिलियाने ते वाकडंच काढलं.

चित्र लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नुन्त्सिया कित्येक वर्षांनी चर्चमध्ये आली. चित्रासमोर उभी राहिली, स्वतःच्या नाकावरून एकदा बोट फिरवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेली. रविवारी मात्र ती सगळ्यांत पुढच्या बाकावर येऊन बसली. खरी आग तिथे लागली.

"लोक म्हणतात, बाबा गेल्यापासून तुझं डोकं फिरलंय," मिम्मो म्हणाला. "आई, माझ्यावर मान खाली घालायची वेळ आणू नकोस."

फादरांनी तोडगा काढला. गुब्बियोला जाऊन या, तिथल्या जुन्या चर्चांच्या भिंती बघा, संतांचे चेहरे कसे असतात ते कळेल. मग सणाच्या आत तेवढं नाक सरळ करून टाका. मिम्मोने लगेच गाडीचं तिकीट काढलं. सूनबाई सोबतीला निघाली होती, तिला एर्सिलियाने दारातूनच परतवलं. "मी चित्रं बघायला चाललेय, तू मला बघायला येऊ नकोस."

गुब्बियो म्हणजे डोंगराला टेकून बसलेलं दगडी शहर. सपाट रस्ता नावालाही नाही. एर्सिलियाचे गुडघे पहिल्याच चढावर कुरकुरले, पण समुद्राकाठची बाई डोंगराला भीक घालत नाही. वही काखेत मारून ती या चर्चमधून त्या चर्चमध्ये हिंडली. देवदूत गोरेगोमटे होते, संतांच्या माना कलत्या होत्या. फादर म्हणाले तसंच होतं सगळं, आणि तिचं मन खट्टू झालं. आपणच चुकलो की काय, असंही एकदा वाटून गेलं, आणि त्या वाटण्याचा तिला राग आला.

मग एका लहानशा चर्चमध्ये, दाराजवळच्या भिंतीवर, मरियेचा जन्म रंगवलेला दिसला. रंग उडालेला, ओल खाल्लेली भिंत. बाळंतिणीला पाणी आणून देणाऱ्या बायकांमध्ये एक जाडजूड बाई होती. दुहेरी हनुवटी, एक डोळा बारीक, आणि चेहऱ्यावर भाव असा की लवकर आटपा, चुलीवर डाळ आहे. एर्सिलिया तिच्यासमोर किती वेळ उभी होती कोण जाणे. अशी बाई कोणी मनाने काढत नाही. ती त्या चितार्‍याच्या शेजारी राहत असणार, तिच्याशी त्याचं भांडणही झालं असणार. कोणी गास्पारे त्यालाही येऊन म्हणाला असेल, तेवढी हनुवटी आवर. त्याने आवरली नाही. शेकडो वर्षं झाली, भिंत खचत आली, बाई तशीच उभी आहे.

"धन्य आहे तुझी," एर्सिलिया तिला म्हणाली आणि वहीत एक रेघही न काढता बाहेर पडली.

उतारावर वेड्यांचं कारंजं लागलं. या कारंज्याभोवती तीन फेऱ्या मारायच्या, शहरातल्या कुणीतरी अंगावर पाणी उडवायचं, की माणूस गुब्बियोचा अधिकृत वेडा होतो. तरुण पोरांचा एक घोळका नुकताच वेडा होऊन, ओल्या डोक्यांनी खिदळत निघाला होता. कठड्याजवळच्या बाकावर एक म्हातारा शेंगदाणे सोलत बसला होता.

"तुम्ही इथलेच का हो?" एर्सिलियाने विचारलं.

"मी सेत्तिमियो. सात पिढ्या इथल्याच आणि सातही वेड्या. एकट्याच आलात? वेडं व्हायला लोक सोबत आणतात, नंतर घरी कोण नेणार म्हणून."

"घरचे मला आधीच वेडी म्हणतात. फक्त रीतसर व्हायचं राहिलंय."

वेड पांघरून पेडगावला जाणारे पुष्कळ असतात. एर्सिलियाने काही पांघरलं नव्हतं. तिने वही बाकावर ठेवली आणि कारंज्याभोवती संथ पावलांनी प्रदक्षिणा सुरू केली.

"अहो बाई, धावायचं असतं," सेत्तिमियो ओरडला. "चालून होत नाही. नियम आहे."

"वेड्याने नियम पाळले तर तो वेडा कसला?"

म्हाताऱ्याने शेंगदाणा तोंडात टाकला, विचार केला आणि मान डोलावली. तिसरी फेरी संपली तसा तो उठला. त्याने कारंज्यातलं पाणी ओंजळीने नाही, स्वतःची टोपी भरून घेतलं आणि एर्सिलियाच्या डोक्यावर उपडं केलं. थंडगार पाणी मानेवरून पाठीत उतरलं. नवरा गेल्यापासून ती इतकी मोकळी हसली नव्हती.

"पलीकडच्या दुकानात वेडेपणाचा कागदही मिळतो," तो म्हणाला. "छान छापलेला असतो. घरी भिंतीवर लावता येतो."

"भिंतीवर लावायला माझ्याकडे दुसरं आहे," ती म्हणाली आणि ओल्या हातांनीच तिने मिम्मोला फोन लावला.

"बघितलेस का चेहरे?" त्याने अधीरपणे विचारलं. "जमेल ना आता?"

"बघितले. नाक वाकडंच राहणार."

"आई, मग ते चित्र चर्चमध्ये राहणार नाही. समितीचं ठरलंय. मी काही करू शकत नाही."

"करू नकोस. उतरव आणि आपल्या घरी आणून ठेव."

मिम्मोने सुटकेचा श्वास सोडला, तो तिला इथवर ऐकू आला. बिचारा, तिला वाटलं. लहानपणीही काचेचा पेला फुटला की तुकडे गालिच्याखाली सारून असाच श्वास सोडायचा.

"मिम्मो, सणाची मिरवणूक आपल्याच रस्त्याने जाते ना?"

"दुसरा रस्ता आहे कुठे गावात?"

"आणि संत आन्नाची मूर्ती आपल्या बाल्कनीखाली थांबते. खांदेकरी खांदा बदलतात, फादर प्रार्थना म्हणतात. तुझ्या आज्यापासून चालत आलंय."

सणाला रस्त्यावरची प्रत्येक बाई आपल्या कठड्यावर ठेवणीतली रेशमी चादर सोडते, हे मिम्मोला सांगायची गरज नव्हती.

"यंदा मी चादर सोडणार नाही," एर्सिलिया म्हणाली.

"आई, असं करू नकोस. सगळं गाव खाली उभं असेल. मी पुढे झेंडा घेऊन असेन. मी मान खाली घालून..."

"खाली घालून कसं दिसेल, राजा? चित्र वर असणार. सगळ्यांना मान वर करूनच बघावं लागेल. तुलासुद्धा."

सेत्तिमियोने टोपी पिळून पुन्हा डोक्यावर ठेवली होती आणि तो खुशाल सगळं ऐकत होता. मग मिम्मो, हरलेल्या माणसाच्या आवाजात, म्हणाला, "अजून काही?"

"हो. धक्क्यावर जा आणि नुन्त्सियाला माझा निरोप सांग. सणाला माझ्याकडे ये म्हणावं," एर्सिलिया म्हणाली. "आणि बाल्कनीत दोन खुर्च्या मांड. शेजारी शेजारी."